आपल्या रविवारात कुणाकुणाची भांडणं भरलीयेत

आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, सध्या वाद चालूय तो ड्रमसेटवरून. तरुण संघाच्या पोरांनी पैसे जमवून एक सेकंडहँड ड्रमसेट आणला, पुलपिटच्या, म्हणजे प्रवचनाच्या चौथऱ्याच्या, खाली डाव्या हाताला मांडला, आणि लगेच चर्चचा कारभार बघणाऱ्या पॅस्टोरेट कमिटीत विषय आला की हे आपल्या परंपरेत बसतं का. एक काका तर उभेच राहिले, म्हणाले आपली परंपरा ऑर्गनची, हे काय वरातीचं चाललंय. मिनिट्स लिहायचं काम माझ्याकडे असल्यामुळे मी मान खाली घालून लिहीत होते, पण हसू दाबणं कठीण जात होतं, कारण काकांची ती 'परंपरा' ज्यांनी आणली ना, त्यांच्या पूर्वजांनी ऑर्गन चर्चच्या दारातूनच परत पाठवला होता.

ही गंमत नाहीये, खरंच झालेलंय. बोस्टनमध्ये थॉमस ब्रॅटल नावाच्या श्रीमंत माणसाने १७१३ मध्ये मरताना आपला ऑर्गन आपल्याच चर्चला ठेवला, आणि चर्चने नको म्हणून सांगितलं! मग तो तिथल्या अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, लोकांकडे, किंग्ज चॅपलला गेला. हे नको म्हणणारे प्युरिटन, जिनिव्हाच्या कॅल्विन या प्रॉटेस्टंट सुधारकाच्या वळणाचे, चर्चमध्ये फक्त स्तोत्रं गायची आणि तीही वाद्याशिवाय. त्याच्याही आधी झुरिकमध्ये झ्विंग्ली, तिथला प्रॉटेस्टंट सुधारक, जो स्वतः चांगला गाणारा वाजवणारा माणूस होता, त्याच्या काळात १५२७ ला मोठ्या चर्चमधला ऑर्गन तोडून टाकला होता. म्हणणं काय, तर संगीतात मन रमतं आणि वचन बाजूला पडतं. म्हणजे ड्रमसेटबद्दल काका जे म्हणतात तेच, फक्त ऑर्गनबद्दल.

आणि या न्यू इंग्लंडच्या प्युरिटनांची पणतवंडं म्हणजेच आमचे मिशनरी. १८१३ ला मुंबईत उतरले, १८३१ ला नगरला गेले, अमेरिकन मराठी मिशन. तोवर त्यांच्याकडे ऑर्गन चालायला लागला होता, म्हणून आम्हाला पायपेटी मिळाली. नंतर टिळकांनी, म्हणजे नारायण वामन टिळकांनी, १८९५ ला बाप्तिस्मा घेऊन नगरला आल्यावर अभंग, कीर्तन, टाळ, तबला हे सगळं आत आणलं, आणि आज तेच आमचं सगळ्यात जुनं वाटतं. अजून पन्नास वर्षांनी ड्रमसेटही जुनाच वाटणारेय, तेव्हा कुणीतरी उभं राहून म्हणेल आपली परंपरा ड्रमची. असो.

मला या सगळ्याचा नाद लागला तो शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या बायबलवर्गात, मोठ्या मुलांना शिकवताना. पोरं असले प्रश्न विचारतात की घरी येऊन पुस्तकं काढावी लागतात. आणि वाचता वाचता लक्षात यायला लागलं की आपण जे 'बायबलमध्येच आहे' म्हणून बिनधास्त करतो त्यातलं निम्मं कुठल्यातरी भांडणाचं उत्तर आहे, उत्तर आपल्याकडे आलं, प्रश्न काय होता ते वाटेत कुठेतरी गळलं.

आता हेच बघा. दोन अनोळखी मराठी ख्रिस्ती भेटले की पहिला प्रश्न, "मूळ कुठलं?" बाहेरच्याला वाटेल गावाची चौकशी चाललीये. ती गावाची नसतेच. नगर म्हणजे अमेरिकन मिशन, काँग्रिगेशनल, प्रत्येक मंडळी आपला कारभार आपणच बघणारी. कोल्हापूर, सांगली, मिरज म्हणजे प्रेस्बिटेरियन, निवडलेल्या वडिलांनी कारभार बघायचा. जालना म्हणजे स्कॉटिश. नाशिकचा असला तर अँग्लिकन, बिशपवाला, निघायची शक्यता जास्त. कारण मिशन संस्थांनी आपसात ठरवून टाकलेलं की एकाच्या भागात दुसऱ्याने शिरायचं नाही. त्यामुळे एखाद्या गावातल्या माणसाने ख्रिस्त स्वीकारला तर त्याच्या चर्चमध्ये बिशप असणार की नाही, वडील, म्हणजे चर्चचे कारभारी, निवडून येणार की नाही, हे त्याने बायबल वाचून ठरवलेलं नव्हतं, तो कुठल्या जिल्ह्यात राहतो त्यावर ठरलं. माझ्या पप्पांकडचे नगरचे, मम्मीकडचे मिरजेचे, आणि दोन्ही आज्या मरेपर्यंत एकमेकींच्या चर्चमध्ये 'तसं काही खरं नाही' म्हणायच्या. भांडण मुळात जिनिव्हा आणि लंडनचं, तेही तीनशे वर्षांपूर्वीचं, आणि ते आमच्या स्वयंपाकघरात चाललेलं.

मग नोकरीसाठी सगळे इकडे नवी मुंबईत आले, कुणी टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कंपन्यांत, कुणी पोर्टमध्ये, कुणी नर्स, कुणी शाळेत, आणि नेरुळ, वाशी, कोपरखैरणेला एकाच बाकावर बसायला लागले. कागदोपत्री एकत्र आलो होतो त्याआधीच, २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा वेगवेगळ्या चर्चेस मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. अमेरिकन मेथडिस्ट ऐनवेळी मागे सरकले, ते आजही वेगळेच आहेत. यातला सगळ्यात अवघड प्रश्न होता बाप्तिस्म्याचा. बॅप्टिस्ट आणि ब्रेदरेन म्हणणार की बाळाला काय कळतं, मोठं होऊन विश्वास ठेवला की मगच पाण्यात उतरवा. बाकीचे म्हणणार बाळालाच द्या. हा वाद साधासुधा नाही हो, १५२७ ला झुरिकमध्ये फेलिक्स मान्झ नावाच्या माणसाला मोठेपणी बाप्तिस्मा देण्याच्या गुन्ह्यासाठी नदीत बुडवून मारलंय, आणि तेसुद्धा प्रॉटेस्टंट लोकांनीच. मग नागपूरला काय ठरलं? दोन्ही चालेल. ज्यांना बाळाला द्यायचाय त्यांनी द्यावा, ज्यांना थांबायचंय त्यांनी बाळाचं समर्पण करावं आणि पुढे बाप्तिस्मा द्यावा. एकाच चर्चमध्ये दोन्ही. ज्यासाठी माणसं मारली गेली तिथे नुसतं 'तुमच्या मनाने घ्या' असं झालं, आणि आकाश काही कोसळलं नाही. आणि दुसरी मजा म्हणजे बिशप नकोत म्हणून ज्यांचे पूर्वज इंग्लंड सोडून जहाजातून अमेरिकेला पळाले, त्यांच्या नगरच्या लेकरांना १९७० ला शेवटी बिशप मिळाले. पप्पांना हे आयुष्यभर पचलं नाही. बिशप आले की ते मागच्या बाकावर बसायचे.

प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस घ्यायच्या विधीचं, तर विचारूच नका. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं, त्याच्या आदल्या रात्री आमच्या घरी काळ्या मनुका भिजत घालायच्या, मग पाण्यात मंद आचेवर उकळायच्या, गाळायच्या, थोडी साखर, आणि गार झालं की स्टीलच्या बरणीत. पूर्वी मम्मी करायची, आता मी. सकाळी ते छोट्या छोट्या कपांत ओतायचं, ट्रेमध्ये भोकं असतात त्यात ते कप बसतात, हात थरथरला की सांडतं आणि पांढऱ्या चादरीवर डाग पडतो तो जात नाही. तर एका मुलीने विचारलं, येशूने द्राक्षारस घेतला ना, मग आपण मनुकांचं पाणी का? घरात कुणी दारू पीत नाही म्हणून, असं मी म्हणाले, आणि ती म्हणाली येशूच्या घरी पीत होते का.

याचं उत्तर आहे न्यू जर्सीमधला एक दातांचा डॉक्टर. थॉमस वेल्च, मेथडिस्ट, आपल्या चर्चचं प्रभुभोजनाचं बघायचा. द्राक्षाचा रस काढून ठेवला की तो आपोआप आंबतो, त्याला इलाज नव्हता, म्हणून दारूला कितीही विरोध असला तरी चर्चमध्ये वाईनच वापरावी लागायची. पाश्चरने गरम करून आंबणं थांबवायची पद्धत शोधली, ती वेल्चने १८६९ ला द्राक्षरसावर करून बघितली आणि जमली. त्याच्या आधी अठराशे वर्षं चर्चला न आंबलेला रस वर्षभर सहजासहजी ठेवता येत नव्हता! पुढे १८९० च्या सुमाराला जंतूंची भीती पसरली तेव्हा अमेरिकेत एका प्याल्याऐवजी ज्याचा त्याचा छोटा कप सुरू झाला. दारूबंदीवाले मिशनरी हे दोन्ही घेऊन इकडे आले. म्हणजे आमचं पहिल्या रविवारचं सगळं पावित्र्य एका डेंटिस्टवर आणि जंतूंच्या भीतीवर उभं आहे, आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही, उलट बरणी धुताना आता मजा वाटते.

कॅथलिकांकडे बघा, तिथे बहुतेक वेळा लोकांना फक्त भाकर, होस्तिया. प्याला फादर घेतात. हेही सुरुवातीपासून नव्हतं. प्याला सांडण्याच्या भीतीने लोकांना देणं हळूहळू बंद होत गेलं आणि १४१५ ला कॉन्स्टन्सच्या परिषदेने त्याचा नियमच करून टाकला. त्याच परिषदेने त्याच उन्हाळ्यात यान हुस या चेक सुधारकाला जिवंत जाळलं, आणि त्याच्या चेक लोकांनी चिडून प्यालाच आपल्या झेंड्यावर घेतला. प्याल्यासाठी युद्धं झालीयेत. मग प्रॉटेस्टंटांनी प्याला परत मिळवला आणि लगेच त्याच्यावरून आपसात भांडले, जर्मन सुधारक ल्यूथर आणि झ्विंग्ली १५२९ ला मारबुर्गला बसले, पंधरा मुद्द्यांपैकी चौदावर एकमत, आणि पंधराव्यावर, म्हणजे भाकरीत ख्रिस्त खरोखर आहे की ती नुसती आठवण, यावर फिसकटलं ते फिसकटलंच. आमच्यात कुणाला विचारा तुम्ही ल्यूथरचे की झ्विंग्लीचे, कुणालाच माहीत नाही. सगळे कप उचलतात आणि पितात.

बरं, नवी मुंबईत राहायचा एक फायदा आहे. बाकी कुठे चर्चचा इतिहास वाचावा लागतो, इथे तो लिफ्टमध्ये भेटतो. आमच्या मजल्यावरचे अंकल ऑर्थोडॉक्स, खालच्या मजल्यावरच्या टीचर मार्थोमा, समोरच्या विंगमधलं कुटुंब सिरो-मलबार कॅथलिक, ज्यांचा कल्याणचा धर्मप्रांत १९८८ ला झाला. तिघेही मल्याळी, तिघेही म्हणतात आमच्याकडे संत थॉमस आले, तिघांचे पूर्वज चारशे वर्षांपूर्वी एकाच चर्चमध्ये जायचे. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपवासात, अंकलकडे पन्नास दिवस मासेसुद्धा बंद, टीचरकडे तेवढं कडक नाही. एकदा अंकलना विचारलं की तुमचं आणि टीचरचं नक्की वेगळं काय, तर ते म्हणाले, "ते संतांना प्रार्थना नाही करत ना," आणि मग आवाज खाली करून, "तुमच्यामुळे!" म्हणजे आम्हा प्रॉटेस्टंटांमुळे. खरं आहे ते. १८३६ ला केरळच्या अब्राहाम मल्पान या धर्मगुरूंनी, इंग्रज मिशनऱ्यांच्या सहवासामुळे, संतांच्या आणि मेलेल्यांसाठीच्या प्रार्थना उपासनेतून काढल्या, त्यातून पुढे मार्थोमा.

पण त्याच्या मागची गोष्ट जास्त भारी आहे. केरळचे हे ख्रिस्ती हजारभर वर्षं पर्शियाच्या चर्चकडून बिशप घ्यायचे. पोर्तुगीज आले, त्यांना हे लोक 'नेस्टोरियन पाखंडी' वाटले. १५९९ ला गोव्याच्या आर्चबिशपने उदयंपेरूरला सभा भरवून त्यांना रोमच्या शिस्तीत बसवलं, सिरियाक ग्रंथ जाळायला लावले. लोकांनी पन्नासेक वर्षं सोसलं आणि ३ जानेवारी १६५३ ला मट्टनचेरीला क्रूसाला दोर बांधून, दोराला हात लावून शपथ घेतली की या जेझुइट पाद्र्यांचं ऐकायचं नाही. नंतर बरेच जण रोमकडे परत गेले, ते आजचे सिरो-मलबार. जे गेले नाहीत त्यांना बिशप हवा होता, तो १६६५ ला आला अंत्युखियाच्या सिरियन चर्चमधून. आणि इथे खरी मेख आहे. ख्रिस्ताचा देवपणा आणि माणूसपणा या वादात पर्शियावाले एका टोकाला आणि अंत्युखियावाले बरोबर दुसऱ्या टोकाला! दोघांनी एकमेकांना हजार वर्षं शाप दिलेले. पण पोर्तुगीज नकोत एवढं एकच बघायचं होतं, त्यामुळे हळूहळू उपासना, पोशाख, मत सगळं बदललं. अंकल आज ज्या मतासाठी कडकडून भांडतील ते मत त्यांच्या घराण्यात एका पोर्तुगीज आर्चबिशपवरच्या रागातून आलं. मी हे अजून त्यांना सांगितलेलं नाही, शेजारधर्म आहे.

आता ठाणं. माझ्या भाच्याचं लग्न ठरलंय ठाण्याच्या मुलीशी, ईस्ट इंडियन कॅथलिक, तलावपाळीजवळच्या चर्चला जाणारं घर, पोर्तुगीज काळापासूनचे ख्रिस्ती. आमच्या आत्याचं पहिलं वाक्य, "ते मरियेची पूजा करतात ना गं?" मी म्हटलं आत्या, याच ठाण्यात या प्रश्नावरची लय जुनी गोष्ट आहे, ऐक.

१३२१ साल. पोर्तुगीज यायला अजून दोनशे वर्षं आहेत. चार फ्रान्सिस्कन, म्हणजे एका कॅथलिक संघाचे संन्यासी, टोलेंटिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि टिफ्लिसचा डिमेट्रियस, होर्मुझहून जहाजाने निघाले, जायचं होतं केरळला आणि पुढे चीनला, पण जहाज आलं ठाण्याला. राहिले कुणाकडे? ठाण्यात तेव्हा ख्रिस्ती होते! पंधरा घरं होती, असं थोड्याच काळाने इथे येऊन गेलेल्या ओडोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाने लिहून ठेवलंय. आणि ती घरं नेस्टोरियनांची, पर्शियाच्या चर्चची. रोमच्या हिशोबाने पक्के पाखंडी. त्यांनी या चौघांना घरात घेतलं. मग ओडोरिक सांगतो त्याप्रमाणे त्या घरातल्या नवऱ्याने बायकोला मारलं, तिने काझीकडे तक्रार केली, साक्षीदार कोण तर घरातले हे परदेशी पाहुणे. तिघे साक्षीला गेले, चौथा सामान सांभाळत घरी राहिला, काझीसमोर धर्मावर वाद निघाला, तो पेटत गेला आणि शेवटी चौघांचेही जीव गेले. जॉर्डानस नावाचा डोमिनिकन, दुसऱ्या कॅथलिक संघाचा संन्यासी, त्यांच्याबरोबर आलेला, तो तेव्हा दुसरीकडे होता म्हणून वाचला, त्याने त्यांना सोपाऱ्याला नेऊन पुरलं. पुढे ओडोरिकने त्यांची हाडं उकरून चीनला नेली. कॅथलिक चर्च त्यांना ठाण्याचे हुतात्मे म्हणतं.

सगळे हुतात्म्यांबद्दल बोलतात, माझं लक्ष मात्र त्या घराकडेच जातं. मार खाऊन गप्प न बसता काझीकडे जाणारी ती बाई मला फार आवडली. आणि ती ज्या चर्चची, ते वेगळं का झालं होतं? तर मरियेवरून. ४३१ साली इफिससला परिषद भरली. कॉन्स्टँटिनोपलचा बिशप नेस्टोरियस म्हणत होता मरियेला 'देवाची माता' म्हणू नका, 'ख्रिस्ताची माता' म्हणा, देवाला कुणी जन्म कसा देईल. अलेक्झांड्रियाचा सिरिल म्हणाला, मग तू ख्रिस्ताचे दोन तुकडे करतोयस. विचार म्हणून दोन्हीत दम आहे, पण झालं कसं ते बघा. अंत्युखियाचे बिशप, जे नेस्टोरियसच्या बाजूचे होते, ते वाटेत होते, सिरिलने त्यांची वाटच न बघता २२ जूनला सभा सुरू केली आणि एका दिवसात नेस्टोरियसला काढून टाकलं. अंत्युखियावाले आले, त्यांनी आपली वेगळी सभा घेऊन सिरिलला काढलं. सम्राटाने वैतागून दोघांनाही अटकेत ठेवलं. मग सिरिलच्या माणसांनी दरबारात भेटी पाठवल्या, गालिचे, हस्तिदंती खुर्च्या, सोनं, त्याची यादीच उपलब्ध आहे. आपल्याकडे सोसायटीची निवडणूक होते तशीच झाली थोडक्यात. नेस्टोरियस इजिप्तमध्ये हद्दपारीत मेला. पर्शियातल्या ख्रिस्ती लोकांना मात्र त्याचं मत सोयीचंही होतं, कारण रोमचा आणि पर्शियाचा उभा दावा, आणि रोमच्या सम्राटाचाच धर्म पाळतो म्हटलं की शहाला हेरगिरीचा संशय. आम्ही त्यांच्यातले नाही हे सांगायला हे बरं पडलं. तेच चर्च पुढे व्यापाऱ्यांबरोबर केरळला आलं, कोकण किनाऱ्याला आलं. सहाव्या शतकातला कॉस्मस नावाचा प्रवासी 'कल्लियाना' इथे पर्शियाहून नेमलेला बिशप आहे असं लिहितो, आणि ते आपलं कल्याण असं बरेच अभ्यासक मानतात. कल्याण! जिथे आपण स्लो लोकल बदलतो.

म्हणजे ठाण्याच्या त्या घरात यजमान 'ख्रिस्ताची माता' म्हणणारे आणि पाहुणे 'देवाची माता' म्हणणारे, आणि मधे नऊशे वर्षांचं वैर, तरी राहायला जागा दिली. शेवटी ११ नोव्हेंबर १९९४ ला पोप दुसरे जॉन पॉल आणि त्या पूर्वेच्या चर्चचे प्रमुख मार दिन्खा यांनी एकत्र सही करून सांगितलं की दोन्ही म्हणणं बरोबर आहे, श्रद्धा एकच आहे. आत्या म्हणाली, "एवढ्यासाठी पंधराशे वर्षं?" मग मी तिला सांगितलं की ल्यूथरसुद्धा मरियेला देवाची माता म्हणायचा, तेव्हा ती गप्प झाली, पटलं म्हणून नाही, ल्यूथरवर नाराज झाली म्हणून.

लग्नाच्या कागदपत्रांतही हाच इतिहास आहे. लग्नाआधी चर्चमध्ये नावं वाचायची हे १२१५ च्या लॅटरन परिषदेचं. फादर आणि दोन साक्षीदार लागतातच हे १५६३ चं, ट्रेंटच्या परिषदेचं, कारण त्याआधी लोक चोरून लग्न करायचे आणि नंतर नाही म्हणायचे, मग बाई अडकायची. मुलीने बिशपची परवानगी काढायची आणि मुलांना शक्य तितकं कॅथलिक वाढवीन असं वचन द्यायचं. १९७० च्या आधी असं वचन आमच्या भाच्याकडूनही लेखी घेतलं असतं, आता त्याला फक्त कळवतात. त्याने तेवढ्यावरही दोन दिवस तोंड फुगवलं, मग मुलीनेच फोनवर काय सांगितलं कोण जाणे, सरळ झाला.

मिस्सा, म्हणजे कम्युनियनसकट पूर्ण उपासना, ठेवायची की नाही यावर दोन्ही घरं अडली होती, कारण मिस्सा ठेवली तर कम्युनियन फक्त त्यांनी घ्यायचं आणि आमच्या बाजूने बाकावर बसून बघत राहायचं. फादरांनीच सुचवलं, मिस्सा नको, नुसता विवाहविधी करू. आत्याला हे एकदम पसंत पडलं. मे महिन्यात तलावपाळीला पंखे पुरत नाहीत, ती म्हणाली, पाऊण तासात सुटलेलं बरं.